पटावरचं एक नाव

जेवायला बसण्याआधी हजेरी घ्यायची, ही पुंजाजी गुरुजींच्या घरची रीत. शाळेने शाल-नारळ देऊन त्यांना घरी पाठवलं, पण सवय काही निवृत्त व्हायला तयार होईना, तेव्हा गुरुजींनी शाळाच घरी आणली. ताटं मांडली की ते एकेकाचं नाव बापाच्या नावासकट पुकारत. ज्याचं नाव येई तो ‘हजर’ म्हणे, आणि सगळ्यांचं झाल्यावर पहिला घास. दुसऱ्या दिवशी ज्याला गावाला परतायचं असे त्याला वरून आणखी एक प्रश्न येई : ‘उद्या?’

हा प्रश्न नोकरीतला. शाळेच्या पहिल्या दिवशी शिरा असायचा, म्हणून झाडून सारी पोरं यायची. दुसऱ्या दिवशी निम्मी आई-बापामागे वावरात. म्हणून गुरुजी पहिल्याच दिवशी एकेकाला उभं करून ‘उद्या?’ विचारत आणि ‘येतो गुरुजी’ वदवून घेत. वस्तीतली पोरं दिलेला शब्द पाळायची. गुरुजींची स्वतःची मुलं ‘येतो बाबा’ म्हणत आणि सहा-सहा महिने घराकडे फिरकतसुद्धा नसत.

भागिरथाबाईंचं नाव या हजेरीत नव्हतं. हजेरी चालू असताना त्या भाकरी थापत असत.

त्या रविवारी मात्र सगळे न बोलावता आले होते. म्हणजे बोलावलं होतं प्रल्हादने, पण आल्यावर जो तो ‘सहज आलो’ म्हणत होता. थोरला प्रल्हाद गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत गुरुजी, राहायला रिसोडला. सोबत बायको निता. मधली सुकेशनी कारंज्याकडे ग्रामसेविका, ती एसटीने आली होती. धाकटा अश्वजित कोरोनात पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला तो इथेच राहिला. गच्चीवर रेंज येते म्हणून तो गच्चीवर कमावतो आणि खाली जेवतो. त्याची बायको स्नेहा आणि आठ वर्षांची लेक उत्पला. उद्या शाळा उघडणार होत्या, आणि उत्पला उद्या कुठल्याच शाळेत जाणार नव्हती. हे संकट निवारण्यासाठी घराणं गोळा झालं होतं.

संकट कशाला म्हणावं, ते घराघरावर असतं. छप्पन साली गुरुजींच्या वडिलांनी घरातले देव टोपलीत भरून नदीला दिले. कोनाडा रिकामा झाला. पुढे त्या कोनाड्यात गुरुजींचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट काचेत घालून बसलं, त्याच्या शेजारी प्रल्हादचं डी.एड., मग सुकेशनीची नेमणूक, मग अश्वजितची डिग्री. त्यांच्यापुढे कोणी नवस बोललं नाही, एवढंच काय ते बाकी. या घरात देवाला नाही म्हटलं तर कौतुक व्हायचं. शाळेला नाही म्हणणारी स्नेहा ही पहिलीच.

“उत्पला अश्वजित,” गुरुजींनी पुकारलं.

“हजर,” उत्पला म्हणाली, आणि ठेच्याला बोट लावून ते चाखलं.

“अठीच हजर राहीन ते जिंदगीभर,” प्रल्हादने पहिल्या घासालाच सुरुवात केली. “बाबा, तुमी काई बोलून नाई राह्यले. पोरगी अनपड ठेवाची आहे काय यायले?”

“दादा, अनपड कायची,” अश्वजित म्हणाला. “घरी शिकून राह्यली ते. मुक्त विद्यालयाची परीक्षा राह्यते, बाहेरून देता येते. जगभर लोक करतात हे.”

“जगभर!” सुकेशनी हसली. “तू जग पाह्यलं गच्चीवरून.”

सगळे हसले. अश्वजितही हसला, आणि हसला म्हणून स्नेहाला त्याचा राग आला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. घरी शिकवायचं ठरलं तेव्हा या माणसाने पहिल्या दिवशी केलं काय, तर भिंतीवर वेळापत्रक लावलं. त्यात ‘मुक्त खेळ’ होता चार ते साडेचार, आणि साडेचारला वाजायला मोबाइलवर घंटा. ते स्नेहाने दुसऱ्या दिवशी फाडलं होतं. आता तो इथे तिची बाजू मांडत होता, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, गप्प बस बाबा, तू गप्प बसलास तर जिंकू तरी.

“ये इकडं,” प्रल्हादने उत्पलाला बोलावलं. “सतराचा पाढा म्हन.”

“तो नाई येत,” उत्पला म्हणाली.

“पाहा!” प्रल्हादने ताटावरचा हात उचलून सभेला दाखवला.

“पन काढता येते. थांबा.” ती डोळे मिटून बोटं मोडू लागली. “सतरा... चौतीस...”

“बोटावर मोजते!” निता म्हणाली. “आमचा लहाना सीनियर केजीत होता तेव्हाच...”

“स्पेलिंग इचारा, स्पेलिंग,” सुकेशनीने सुचवलं. “सांग बेटा, विद्यार्थी. इंग्लिशमदी.”

“थांबा न आत्या, मी अजून काढून राह्यली. एक्कावन...”

थांबायला कोणाला वेळ नव्हता. परीक्षा घेणाऱ्यांना उत्तर नकोच असतं, निकाल हवा असतो, आणि तो लागला होता. उत्पला अडुसष्टपर्यंत पोहोचली तेव्हा मंडळी तिच्या भविष्याबद्दल बोलत होती.

“स्नेहा,” सुकेशनीने आवाज मऊ केला. ग्रामसभेत ठराव संमत करून घ्यायच्या आधी ती असाच आवाज काढायची. “तू सोता बी.एड. आहेस. रिसोडले इंग्लिश स्कूलात शिकवत होती. लेकरू तुझ्याच वर्गात होतं. चांगलं चाललं होतं न? एकदम काय झालं?”

स्नेहाने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “चांगलं चाललं होतं, ताई. माझ्या वर्गाले शिस्तीचं बक्षीस भेटलं. पानी प्याचं असलं तं अंगठा, बाहेर जाचं असलं तं करंगळी, आन् म्याडमची नजर येईपर्यंत जागचं हालाचं नाई. मीच शिकवलं हे. मंग एक दिवस हे पोरगी घरात, आपल्याच घरात, करंगळी वर करून उभी. मी फोनवर बोलून राह्यली होती, माझं ध्यान नोतं. संडास चार पावलावर, दार सताड उघडं. अन् हे उभ्याउभ्या ओली झाली, पन हालली नाई. मी विचारलं, गेली काहून नाई वं? तं म्हने, तुमी पाह्यलंच नाई, म्याडम.”

सुकेशनीने उचललेला घास ताटात परत ठेवला.

“मले म्याडम म्हनाली,” स्नेहा म्हणाली.

“लेकरं करतात तसं,” निता म्हणाली खरी, पण हळू. तिचा लहाना झोपेतसुद्धा ‘येस सर’ म्हणायचा. ती ऐकायची आणि एकटीच हसायची. आज तिला ते आठवलं आणि हसू आलं नाही.

प्रल्हादला मात्र दार सापडलं. “तं मंग इंग्लिश स्कूल वाईट हाय, मी तेच सांगून राह्यलो! आपली मराठी शाळा काय वाईट? गावातली शाळा हाय, काका गुरुजी हाय. तिथं टाक. तिथं कोनी करंगळी-अंगठा करत नाई.”

“दादा, शाळा येवढी चांगली हाय तं तुमचे दोघं कुठं शिकतात?” स्नेहाने विचारलं.

प्रल्हादचे दोघं वाशिमला इंग्रजी शाळेत होते, हॉस्टेलला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कोणी विचारत नव्हतं.

“ते गोष्ट येगळी हाय,” प्रल्हाद म्हणाला.

“येगळी काहून?”

“येगळी म्हंजे येगळी! तुले नाई समजनार. मी शाळा वाचवून राह्यलो.”

शाळा वाचवायची म्हणजे काय ते सांगायला हवं. प्रल्हादच्या शाळेत दोन गुरुजी. पटावरची पोरं अमुक एका आकड्याखाली गेली की त्यातला एक अतिरिक्त ठरतो आणि त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवतात. या वर्षी नेमकं एक नाव कमी पडत होतं. वस्तीतल्या दोन घरांनी पोरं रिसोडच्या पिवळ्या बसमध्ये बसवली होती. त्या बसवाल्याची ओळख करून दिली होती खुद्द प्रल्हादनेच, मागच्या वर्षी, नात्याखातर. आता त्याचं रिसोडचं नवं घर, त्यातली निताची मॉड्युलर ओट्याची हौस, सगळं एका पोरीच्या नावावर येऊन टेकलं होतं. पण हे असं उघड बोलता येत नाही. म्हणून मग शाळा वाचवायची.

 आता गुरुजींनी ताट बाजूला सारलं.

“स्नेहा,” ते म्हणाले, “मी वर्गाच्या बाहेर बसून शिकलो. खिडकीतून फळा दिसे तेवढाच. उन्हानं पाठ भाजे. पन गेलो. कायले? कारन शाळेत आपलं नाव लागते. नाव लागलं म्हंजे मानूस मोजल्या जाते. घरी कोनी शिकत नसते, बाई. घर हे घर असते. घरी शिकता आलं असतं तं दुनियेनं शाळा कायले बांधल्या असत्या?”

 स्नेहाला उत्तर देता आलं असतं, पण उन्हात बसून शिकलेल्या माणसाला तिला ते देववेना.

उत्तर चुलीकडून आलं. घरात गॅस होता, पण भागिरथाबाईंच्या भाकरीला चूलच लागे.

“बराबर हाय त्यायचं,” भागिरथाबाई तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या. “घरी कोनी नाई शिकत. साठ वर्सं झाली, मास्तरच्या घरात राह्यतो. मी कुठं शिकली?”

सुकेशनीला वाटलं आई बाबांच्या बाजूने बोलली, म्हणून तिने मान डोलावली. मग डोलावता डोलावता थांबली. अश्वजितने ताटातली मिरची उगाच इकडची तिकडे केली. गुरुजींनी साऱ्या पंचक्रोशीतल्या पोरी शाळेत आणल्या होत्या, एकेकीच्या बापाच्या दारात बसून. त्यांच्या सत्काराच्या भाषणांत हे हमखास यायचं. भाषण संपून ते घरी आले की भाकरी गरम असायची.

“तुले मी म्हनलं होतं एकदा,” गुरुजी म्हणाले.

“म्हनलं होतं. पोयपाट इकडं ठेवू की पाटी, हे नोतं सांगतलं.”

*

तोडगा निघाला तो भांडी घासायच्या वेळेला, आणि काढला सुकेशनीने. सरकारी नोकरीत बाकी काही शिकायला मिळो न मिळो, तोडगा काढायला मिळतो.

“येवढं कायचं हाय त्यात,” ती अंगणात खाटेवर बसून म्हणाली. “पोरीचं नाव लावा शाळेत. पोरगी ठेवा घरी.”

“म्हंजे?” अश्वजितने विचारलं.

“म्हंजे नाव पटावर. शिकवा तुमी घरी, आरामशीर. दादाचा पट भरते, तुमाले कोनी इचारत नाई, बाबायले वाटते नात शाळेत हाय. आमचा पोरगा करण कुठं कॉलेजात जाते? नाव खेड्यातल्या कॉलेजात, पोट्टा अकोल्याले ट्यूशनमदी. ते कॉलेज कोन्या दिशेले तोंड करून हाय, हेबी त्याले मालूम नाई.”

सगळ्यांचे चेहरे उजळले. तासाभरापूर्वी जी गोष्ट पाखंड होती, तीच आता सोय झाली. शिकवणं घरी व्हावं याला कोणाचाच विरोध नव्हता. विरोध होता तो तसं सांगण्याला. प्रल्हाद तर इतका खूश झाला की त्याने धाकट्या भावाच्या पाठीवर थाप मारली. “येक दिवस फकस्त, उद्या. प्रवेशोत्सव हाय, विस्तार अधिकारी येनार. बैलगाडी सजवली, लेझीम हाय. पोरीले गाडीत बसवू, फोटो काढू, नाव पुकारलं की हजर म्हनलं, संपलं.”

“चालते,” अश्वजित म्हणाला.

स्नेहा मोरीपाशी होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. “काय चालते?”

“अवं, दादाची नोकरी...”

“खोटं नाव लावाचं?”

“खोटं कुठं, उत्पला हेच नाव आहे तिचं.” हे त्याला विनोद म्हणून सुचलं होतं. कोणी हसलं नाही.

“मी शाळा सोडली ते याच्याचसाठी,” स्नेहा म्हणाली.  “तिथं बी हेच होतं. तपासनीस आले की जे नाई ते दाखवाचं. पोरगी घरी शिकते, हे मले तोंड वर करून सांगाचं आहे. लपून नाई शिकवाचं मले. लपवलं तं तिले काय शिकवलं मी?”

“तोंड वर करून दिराचं पोट मार मंग,” प्रल्हाद म्हणाला.

“नवऱ्याचे मोठे भाऊ, भासरे आहात तुमी तिचे, दीर नाई,” निता एकदम म्हणाली. “आन् पोट काई मरत नाई. बदली होते. लोकायची होतेच.”

प्रल्हादने बायकोकडे असं पाहिलं, जणू तिने पार्टी बदलली. बदललीच होती थोडी. निता स्नेहाच्या शेजारी जाऊन बसली आणि पातेलं विसळू लागली. “माझा लहाना झोपेत येस सर म्हनते,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मी कोनाले सांगतलं नाई.” आणि मग पुन्हा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं : “पन एक दिवसाचा तं प्रश्न आहे, स्नेहा. जाऊ दे न.” मॉड्युलर ओटाही तिला सोडवत नव्हता.

गुरुजी दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी सारं ऐकलं. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गप्प बसणं म्हणजे होकार, असं या घरात सगळेच धरून चालत, विशेषतः ज्याला होकार हवा असे तो. प्रल्हादने धरला.

*

सकाळी स्नेहा ठाम नाही म्हणणार होती. पण नाही म्हणायच्या आत बैलगाडी दारात आली. बैलांच्या शिंगांना फुगे, पुढे लेझीम, मागे ढोल. गाडीत पहिलीतली चिमणी पोरं कागदी टोप्या घालून. उत्पला धावत बाहेर आली. “आई, मले गाडीत बसाचं आहे!”

लेकराचा कल पाहून चालायचं, लेकराला जे हवं ते त्याला ठरवू द्यायचं, हे स्नेहाचं तत्त्व. उन्हाळाभर तिने ते सासरच्या प्रत्येक माणसाला ऐकवलं होतं. आता लेकराचा कल बैलगाडीकडे होता. अश्वजित हळूच म्हणाला, “ठरवू दे न तिले.” स्नेहाला त्या क्षणी नवऱ्याच्या डोक्यात लेझीम घालावीशी वाटली.

“जा,” ती म्हणाली. आणि मागोमाग चालू लागली.

गुरुजी दरवर्षीप्रमाणे प्रमुख पाहुणे. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा. रात्री त्यांना झोप लागली नव्हती. नोकरीभर त्यांनी एकाही गैरहजर पोराला हजर दाखवलं नव्हतं. एकदा साहेबाने दाखवायला सांगितलं, तेव्हा मानोऱ्याकडची बदली घेतली पण रेघ फिरवली नाही. हे सगळ्या गावाला पाठ होतं. आज मात्र ते स्वतःची समजूत घालत होते. पोरगी शाळेत जाईल तर खरी, आवारात पाय ठेवेल, पोरं दिसतील. नाव लागू दे एकदा, मागाहून पायही येतील. नातीचं नाव पटावर पाहायची त्यांना इतकी ओढ होती की खोटं कुठे सुरू होतं ते त्यांना दिसेनासं झालं होतं.

शाळेच्या ओसरीवर सतरंजी, टेबल, बाबासाहेबांचा फोटो, फुलांचं तबक. विस्तार अधिकारी घड्याळ बघत होते. त्यांना अशाच आणखी तीन शाळांत शिरा खायचा होता. प्रल्हादने माईक घेतला. ‘आपले आदरणीय पुंजाजी गुरुजी’, ‘पटसंख्या म्हणजे शाळेचा प्राण’ असं बरंच बोलून झालं, आणि त्याने हजेरीपट वडिलांच्या हातात दिला. अगदी शेवटी, तिसरीत नव्याने घातलेलं एक नाव ताज्या शाईत होतं.

गुरुजींनी पहिलीपासून सुरुवात केली. नाव पुकारलं की पोरगं उभं राहायचं, “हजर!” आणि गुरुजींच्या तोंडून आपोआप यायचं, “उद्या?”

“येतो गुरुजी!”

लोक टाळ्या वाजवत. ही गुरुजींची जुनी तऱ्हा, गावाला आवडायची. सगळं छान चाललं होतं. प्रल्हादने पोरीकडून ‘हजर’ तीनदा घोकून घेतलं होतं. बापाचा दुसरा प्रश्न मात्र तो विसरला होता. ज्या प्रश्नाला तो स्वतः वर्षानुवर्षं खोटं उत्तर देत आला, तो प्रश्न आहे हेच त्याच्या ध्यानातून गेलं होतं.

“उत्पला अश्वजित.”

“हजर!” उत्पला उभी राहिली. कॅमेरा चमकला. प्रल्हादने सुटकेचा श्वास टाकला.

“उद्या?” गुरुजींनी विचारलं. विचारायचं नव्हतं त्यांना. तोंडातून गेलं.

“उद्या नाई, आबा,” उत्पला म्हणाली. तिला यात अवघड असं काहीच वाटलं नाही. “मी घरी शिकते न. आज गाडीत बसाले आली.”

ओसरीवर कोणीतरी फिसकन हसलं. “लहान आहे, येईल, येईल,” प्रल्हाद माईकमध्ये म्हणाला.

गुरुजी नातीकडे बघत होते. “परवा?” त्यांनी विचारलं, अगदी हळू. कोणाला ऐकू गेलं नाही इतकं.

“नाई न, आबा.”

स्नेहा पोरांच्या मागे उभी होती. तिने सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि तिला वाटलं, धावत जावं, म्हणावं, येईल, मामाजी, उद्या येईल, जाऊ द्या. तोंडाशी आलेले शब्द तिने दाबून धरले.

गुरुजींनी खिशातून पेन काढलं. त्या नावावर सरळ आडवी रेघ मारली आणि खाली सही केली, जशी चूक दुरुस्त केल्यावर करतात तशी.

“हे नाव पटावर नाई,” ते म्हणाले. “पुढचं.”

पुढचं नाव नव्हतं. तेच तर शेवटचं होतं.

“बाबा!” प्रल्हादचा आवाज माईकने साऱ्या गावाला ऐकवला.

विस्तार अधिकाऱ्यांनी मोबाइल खिशात टाकला. “राहू द्या, गुरुजी,” ते समजुतीने म्हणाले. “फोटो झाला आहे.”

परतताना प्रल्हाद बापाच्या पुढे चार हात चालत होता. मागे न वळता तो म्हणाला, “सोताच्या पोराले घालवलं तुमी. एका नावासाठी.”

“पोरगी येत नाई,” गुरुजी म्हणाले, “तं नाव कसं येईन?” मग बरंच अंतर चालून गेल्यावर, कोणाला उद्देशून न बोलता : “शाळेले बी घालवलं म्यां.” त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. स्नेहा जिंकली होती. तिला आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. तिने उत्पलाचा हात धरला आणि सासऱ्यांच्या बाजूने चालू लागली.

*

संध्याकाळी ताटं मांडली गेली. प्रल्हाद निघून जाणार होता, पण निताने पिशवी भरायला इतका वेळ लावला की शेवटची जीप गेली. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

“प्रल्हाद पुंजाजी.”

प्रल्हादने भिंतीवरचा पोपडा नखाने उकरला.

“प्रल्हाद पुंजाजी.”

“हजर हाय, लिवून घ्या,” भागिरथाबाई चुलीपासून म्हणाल्या. “फुगून बसला.”

“निता प्रल्हाद.”

“हजर.”

“सुकेशनी पुंजाजी.” लग्नाला वीस वर्षं झाली तरी गुरुजी तिला बापाच्याच नावाने पुकारत.

“हजर, बाबा.”

“उद्या?”

सुकेशनीने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. समोर उत्पला भाकरीचा पापुद्रा सोलत बसली होती. “नाई, बाबा,” सुकेशनी म्हणाली. “दिवाळीपर्यंत नाई जमत मले. करणच्या ट्यूशनचं हाय.”

गुरुजींनी मान हलवली. रागावले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खरं उत्तर मिळालं होतं, आणि ते ऐकायला फारसं बरं नव्हतं.

अश्वजित झाला, स्नेहा झाली, उत्पला ‘हजर’ म्हणाली. सगळ्यांनी घासाला हात घातला. पण गुरुजी घास घेईनात. ते चुलीकडे बघत होते, आणि ते का बघत आहेत हे कोणाला कळेना.

“भागिरथा पुंजाजी,” त्यांनी पुकारलं.

प्रल्हादने भिंतीकडचं तोंड वळवलं. निताचा हात ताटातच राहिला. चुलीपाशी भाकर थापायचा आवाज चालू होता, तो थांबला नाही.

“भागिरथा पुंजाजी.”

“गैरहजर,” भागिरथाबाई म्हणाल्या.

उत्पला खिदळली. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला, आणि पहिलीच्या पोराला विचारावं तसं, सरळ बसून विचारलं, “उद्या?”

भागिरथाबाई उठल्या. फुगलेली भाकर त्यांनी नवऱ्याच्या ताटात टाकली, पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या समोर, ताटांच्या रांगेत, खाली बसल्या.

“उद्या भाकरी तुमी थापा,” त्या म्हणाल्या. “मंग मी हजर.”